तारा काढू की ठेवू?

एका वाचकाचं पत्र, थोडं आखडून:

“ताई, मी ठाण्याची, वय २६. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. आजीनं दिलेला चांदीचा सहा टोकांचा तारा, मागेन दावीद, मी कॉलेजपासून गळ्यात घालते. कुणाला त्याचं काही पडलेलं नसायचं. फार तर ‘कुठलं यंत्र आहे गं हे?’ एवढंच. ऑक्टोबर २०२३ पासून सगळं फिरलं. ऑफिसात शेजारच्या टेबलावरची मैत्रीण मला गाझाचे फोटो पाठवते आणि खाली लिहिते, ‘तुझं काय म्हणणं आहे?’ आमचा टीम लीड पाठीवर थाप मारून म्हणतो, ‘तुमच्या लोकांनी बरोबर धडा शिकवला!’ मला दोन्ही नकोसं होतं. मामा म्हणतो, तारा काढून कपाटात ठेव. इस्रायलमधल्या अश्दोदची मावसबहीण म्हणते, तुम्ही तिकडचे घाबरट, स्वतःला झायोनिस्ट म्हणवून घ्यायला लाज वाटते का? खरं सांगू? झायोनिझम म्हणजे नेमकं काय, हेच मला धड माहीत नाही. मी झायोनिस्ट आहे का? असायला हवं का? आणि तारा काढू की ठेवू?”

प्रिय मुली,

तारा ठेव. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील. कुर्त्याच्या आत की बाहेर, ते मागाहून बोलू.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. मी ज्यू नाही. अलिबागच्या बाजूला वाढले, आमच्या परसामागे इस्राएल आळी होती, आणि पुढे तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. माझा अधिकार तेवढाच.

‘झायोनिझम’ हा शब्द कानावर पडायच्या कितीतरी आधी मला येरुशलेम कळलं, तेही वालाच्या बिरड्यामुळे. परसामागच्या काकू एका दुपारी मोड आलेले वाल सोलत ओटीवर बसल्या होत्या. मी मदतीला, म्हणजे निम्मे वाल सांडायला. म्हणाल्या, आज उपास आहे, देऊळ पडलं त्याचा. कुठलं देऊळ? ‘येरुशलेमचं.’ मला वाटलं, हे रोह्याच्या पलीकडे कुठेतरी असेल. पडलं तर परत बांधा की, असंही मी सुचवलं. काकू हसल्या नाहीत. संध्याकाळी उपास सुटला तेव्हा केळीच्या पानावर मलाही बिरडं वाढलं. आजीला विचार, तिला ‘बिरड्याचा सण’ आठवत असेल. रोमनांनी इ.स. ७० मध्ये जाळलेल्या मंदिराचा शोक कोकणात वालाच्या बिरड्यानं सुटत होता!

हे आधी सांगितलं, कारण तुझ्या पत्रात दोन गोष्टींची गाठ बसली आहे. सियोन ही येरुशलेममधली टेकडी, आणि तिची ओढ फार जुनी. प्रार्थनेला तोंड तिकडे, वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री शेवटी ‘पुढल्या वर्षी येरुशलेमात’ म्हणायचं. शतकानुशतकं लोक हे म्हणत आले आणि दुसऱ्या दिवशी सामान न बांधता आपापल्या कामाला लागले. झायोनिझम ही त्या मानानं कालची गोष्ट. शब्दच १८९० चा, नाथान बिर्नबाउम नावाच्या व्हिएन्नातल्या माणसानं घडवलेला. ओढ जुनी, चळवळ नवी, आणि चळवळीचं म्हणणं असं की नुसती ओढ आता पुरणार नाही, ज्यूंना स्वतःचा देश हवा.

का पुरणार नाही? १८८१ मध्ये रशियाच्या झारचा खून झाला आणि त्याचं उट्टं ज्यूंच्या वस्त्यांवर निघालं. घरं लुटली, माणसं मारली. ओडेसाचा डॉक्टर लिओ पिन्स्कर तोवर म्हणत असे, रशियन शिका, रशियन व्हा, सगळं ठीक होईल. या दंगलींनंतर त्याचा धीर सुटला. १८८२ मध्ये त्यानं लिहिलं की ज्यूंनी आपली सुटका आपणच करायची. मग थिओडोर हर्झल. हा व्हिएन्नाच्या एका बड्या वर्तमानपत्राचा पॅरिसमधला बातमीदार, देवधर्माशी फारसं देणंघेणं नसलेला. ५ जानेवारी १८९५ ला फ्रेंच लष्करातल्या कॅप्टन आल्फ्रेड ड्रायफस या निरपराध ज्यू अधिकाऱ्याची बिल्ले उपटून, तलवार मोडून जाहीर मानहानी झाली, तेव्हा हर्झल तिथे होता. त्या एका दृश्यानं तो बदलला ही आम्हा शिक्षकांची आवडती सोपी गोष्ट. त्याच वर्षी त्याच्या व्हिएन्नात कार्ल लुएगर ज्यूद्वेषाच्या जोरावर निवडणुका जिंकत होता, तेही त्याला तितकंच झोंबलं असणार. १८९६ मध्ये हर्झलनं ज्यूंच्या राज्याची मागणी करणारी पुस्तिका काढली आणि ऑगस्ट १८९७ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल गावी पहिली झायोनिस्ट काँग्रेस भरवली. इकडे पुण्यात तेव्हा प्लेग, रँडचा खून आणि टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालू होता, म्हणजे तुला काळ डोळ्यापुढे येईल.

आता जरा सावकाश वाच, कारण तुझ्या बहिणीला आणि ऑफिसातल्या मैत्रिणीला दोघींनाही हा भाग सहसा ठाऊक नसतो. ती काँग्रेस आधी म्युनिकला भरायची होती. म्युनिकला का भरली नाही? तिथल्या ज्यूंनीच विरोध केला म्हणून. जर्मनीतले रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, म्हणाले, आम्ही जर्मन आहोत, हे काय नवीन खूळ. कर्मठ रब्बी म्हणाले, मशीहा, म्हणजे देवानं पाठवायचा तारणहार, येण्याआधी परत जाणं म्हणजे देवाच्या कामात ढवळाढवळ. त्याच १८९७ मध्ये विल्नात ज्यू कामगारांनी ‘बुंड’ नावाचा पक्ष काढला. त्यांचं म्हणणं, आपण जिथे आहोत तिथेच हक्कासाठी लढायचं, आपली यिडिश भाषा बोलायची, पळून कशाला जायचं? खुद्द पॅलेस्टाईनला जाऊन आलेल्या आहाद हाआम या ज्यू लेखकानं १८९१ लाच बजावलं होतं की ती जमीन रिकामी नाही, तिथे अरब राहतात, आणि त्यांना अडाणी समजू नका. हा माणूस झायोनिझमच्या विरोधात नव्हता, हे लक्षात घे. त्याला तिथे ज्यूंचं सांस्कृतिक केंद्र हवंच होतं.

आणि मुंबई? बाझलचं निमंत्रण तुमच्या बेने इस्राएल पुढाऱ्यांनाही आलं होतं. त्यांनी ते नाकारलं. आम्हाला परत न्यायचं ते देवाच्या हातानं, असं त्यांचं उत्तर. म्हणजे मावसबहिणीचा ‘घाबरट’ हा शब्द पणजोबांच्या पणजोबांपर्यंत जाऊन पोचतो, आणि ते घाबरट मुळीच नव्हते. त्यांना फक्त हे दुसऱ्या कुणाचं दुखणं वाटलं. रशियात जे झालं ते नवगावला, पेणला, रेवदंड्याला कधी झालंच नव्हतं. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्यांना गावानं ‘शनिवार तेली’ असं नाव दिलं आणि सोडून दिलं. एवढंच.

आणखी एक माणूस सांगते, कारण तो आपल्या पाठ्यपुस्तकात आहे आणि त्याची ही बाजू कुणी शिकवत नाही. मीही शिकवली नाही. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांमधला एडविन माँटेग्यू. २० ऑगस्ट १९१७ ला भारतमंत्री म्हणून त्यानं पार्लमेंटात हिंदुस्थानला टप्प्याटप्प्यानं जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. तीन दिवसांनी त्यानं स्वतःच्याच सरकारला एक खरमरीत टिपण दिलं. विषय होता पॅलेस्टाईन ज्यूंचं राष्ट्रीय घर करण्याचा बेत. माँटेग्यू स्वतः ज्यू, त्या मंत्रिमंडळातला एकटा. त्याचं म्हणणं असं की एकदा ‘ज्यूंचा देश तो’ असं ठरलं की जगातला प्रत्येक देश आपल्या ज्यू नागरिकाला विचारणार, मग तू इथे काय करतोस? त्याचं कुणी ऐकलं नाही. तो हिंदुस्थानच्या दौऱ्यावर निघालेला असताना, २ नोव्हेंबर १९१७ ला त्या बेताला ब्रिटिश सरकारचा पाठिंबा देणारा बाल्फोर जाहीरनामा निघाला. गंमत म्हणजे त्याच्या विरोधामुळेच त्यात शेवटी एक वाक्य आलं, की इतर देशांतल्या ज्यूंच्या हक्कांना आणि दर्जाला यानं बाध येऊ नये.

टीम लीडचं ‘तुमच्या लोकांनी’ ऐकलं की मला माँटेग्यू आठवतो.

पण माँटेग्यूच बरोबर होता, असंही मी म्हणणार नाही, कारण पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. ‘आम्ही जर्मन आहोत’ म्हणणाऱ्यांना जर्मनीनं ज्यू म्हणूनच मारलं. युरोपभरात मिळून साठ लाख ज्यू. बुंडचे कार्यकर्ते ज्या गावांत ‘इथेच लढू’ म्हणाले, ती गावंच उरली नाहीत. १९३९ च्या मे महिन्यात, नेमकं जीव वाचवून पळायची वेळ असताना, ब्रिटिशांनी पॅलेस्टाईनमध्ये पुढच्या पाच वर्षांत ७५ हजार ज्यूंनाच येऊ देऊ असं ठरवलं. इतर देशांनीही दारं लावलेलीच होती. त्यानंतर कुठलाही ज्यू ‘आम्हाला एक दार तरी आपलं हवं’ म्हणाला, तर त्याला तत्त्वज्ञान शिकवायला माझी जीभ रेटत नाही. अश्दोदच्या तुझ्या बहिणीच्या तोंडी ‘झायोनिस्ट’ म्हणजे हे दार. सायरन वाजला की ती जिन्याखाली धावते, ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासनं एका दिवसात बाराशेच्या आसपास माणसं मारली, अडीचशे पळवून नेली, ते तिच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर.

आणि हेही त्याच इतिहासात आहे: १९४८ मध्ये ते दार उघडलं तेव्हा सुमारे सात लाख पॅलेस्टिनी घराबाहेर पडले किंवा काढले गेले, आणि त्यांना परत येऊ दिलं नाही. ते त्याला नकबा म्हणतात, अरिष्ट. अजून कित्येक घरांत आज्यांनी जपलेल्या दाराच्या किल्ल्या आहेत. गाझात आता ५० हजारांहून अधिक माणसं मेली, त्यात मुलं किती. तुझ्या मैत्रिणीच्या तोंडी ‘झायोनिस्ट’ म्हणजे हे. दोघी एकच शब्द उच्चारतात, आणि दोघींना त्यात आपापलं घर दिसतं किंवा घर पडलेलं दिसतं. तुला मध्ये उभं राहून चक्कर येते यात नवल नाही.

तर तू झायोनिस्ट आहेस का? मी ठरवणार नाही, आणि पुढच्या सोमवारपर्यंत तूही ठरवू नकोस. फक्त प्रश्न सुटे करून बघ. ज्यूंना एक देश असावा असं वाटतं का? त्या देशाचं आजचं सरकार जे करतंय ते पटतं का? तिथल्या पॅलेस्टिनींना काय मिळायला हवं? या तीन प्रश्नांची तीन उत्तरं एकाच रंगाची असली पाहिजेत असा कुठला नियम नाही. २०२३ मध्ये कितीतरी शनिवार तेल अवीवच्या रस्त्यांवर लाखो इस्रायली स्वतःच्या सरकारविरुद्ध उभे होते, हातात तोच निळा-पांढरा झेंडा घेऊन.

बहिणीला मात्र एक गोष्ट जरूर विचार, भांडायला नव्हे. १९६२ चं काय, हे तिच्या घरात कुणाला आठवतंय का? बेने इस्राएल मोठ्या उमेदीनं तिकडे गेले, आणि तिथल्या मुख्य रब्बींच्या कचेरीनं लग्नाची नोंद करताना त्यांच्यासाठीच वेगळा नियम काढला: आई, आजी, पणजी, जितकं मागे जाता येईल तितकं तपासा, हे खरे ज्यू आहेत का. कल्पना कर. शतकानुशतकं कोकणात शनिवार पाळला, डुकराला शिवले नाहीत, मुलाची सुंता आठव्या दिवशी केली, हिब्रू विसरली तरी ‘शेमा’ ही प्रार्थना विसरले नाहीत, आणि येरुशलेममध्ये टेबलापलीकडचा माणूस पुरावा मागतो. ते गप्प बसले नाहीत. साड्या नेसलेल्या बायका, पोरंबाळं, म्हातारे येरुशलेमच्या रस्त्यावर धरणं धरून बसले. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेनं ठराव केला की बेने इस्राएल सर्वार्थानं ज्यू आहेत, आणि मग रब्बींना तो नियम बदलावा लागला. ते तिथून पळाले नाहीत आणि मानही खाली घातली नाही. अभिमान कसा व्यक्त करायचा म्हणतेस, तर तुमच्या घरातला सगळ्यात चांगला नमुना मला हा वाटतो. आणि तो घालून दिला तो तिकडे गेलेल्यांनीच, तेव्हा बहिणीच्या आजीआजोबांचंही कौतुक त्यात आलं.

आता तारा. हा काही प्रेषित मोशेच्या काळापासूनचा नाही. जुनं चिन्ह म्हणजे सात शाखांचा दीप, आपल्या भाषेत समईच. सहा टोकांचा तारा तर आपल्याकडच्या यंत्रांतही आहे, म्हणूनच तुला लोक यंत्र समजून विचारायचे. बाझलवाल्यांनी तो झेंड्यावर घेतला, नाझींनी पिवळ्या कापडाचा करून छातीवर शिवायला लावला. पण त्या दोघांच्याही आधी, १८६० च्या दशकात, भायखळ्याला सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, उभं राहिलं त्याचं नावच मागेन दावीद, दावीदाची ढाल. तेव्हा झेंड्याचा कुणाच्या मनातही विचार नव्हता. तुझा तारा भायखळ्याच्या वाटेनं आलाय असं धर. कुणी ‘म्हणजे तू इस्रायलची का’ म्हणालं तर सांग, हा माझ्या आजीचा आहे. यात पळवाट नाही, ते खरंच आहे. उद्या तुला इस्रायलचा झेंडा लावावासा वाटला तर लाव, पण ती वेगळी गोष्ट. झेंडा राज्याचा असतो, त्यावर लोक राज्याबद्दलच विचारणार, आणि मग उत्तराची तयारी ठेवावी लागेल.

मामाला घाबरट म्हणू नकोस. २००८ च्या नोव्हेंबरात कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये अतिरेक्यांनी सहा जणांना मारलं, केवळ ज्यूंचं घर म्हणून. दोन वर्षांचा मोशे वाचला तो त्याला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युअलमुळे. मुंबईत सिनेगॉगपुढे पोलीस बसलेले दिसतात. मामाची भीती हवेतली नाही. त्याच्याशी तह कर: लोकलच्या गर्दीत, अनोळखी ठिकाणी तारा आत. ऑफिसात, घरी, लग्नाकार्यात बाहेर. आत ठेवलेला तारा खोटा होत नाही.

मैत्रिणीला फोटोखाली उत्तर देऊ नकोस, चहाला ने. सांग, त्या मुलांचं मला तुझ्याइतकंच वाईट वाटतं, माझी बहीण तिथे आहे, तिचीही काळजी वाटते, आणि तू मला मैत्रीण म्हणून विचारतेस की आरोपी म्हणून, ते आधी सांग. तिला घराची किल्ली जपलेल्या आज्या माहीत आहेत, तू तिला तुझी आजी सांग. ती ऐकून घेईल असं मला वाटतं. फोटो पाठवणारी माणसं बहुधा अस्वस्थ असतात, वाईट नसतात.

टीम लीड मला जास्त खटकला, खरं सांगते. मैत्रीण निदान कुणासाठी तरी रडतेय. हा तुझ्यावर प्रेम करतोय ते दुसऱ्या कुणाचा तरी राग येतो म्हणून, आणि असलं प्रेम ज्यूंना इतिहासात फार काळ पुरलेलं नाही. थाप पडली की हसू नकोस. ‘सर, तिथे माणसं मरतायत, मला शाबासकी नको,’ एवढं बोल आणि कामाला लाग. दुसऱ्यांदा थाप मारायला हात उचलताना तो विचार करेल.

मीही यातून गेलेय, म्हणून म्हणते. विशीत होते, आळीतली दोन-तीन घरं इस्रायलला गेली होती. सहज म्हणून काकूंना विचारलं, “तुम्ही कधी जाणार तुमच्या देशात?” त्या काही न बोलता आत गेल्या. दुसऱ्या दिवशी परसात कपडे वाळत घालताना, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “नवगावला आमच्या लोकांना पुरल्याची जागा आहे. गलबत फुटलं तेव्हाची. एकदा बघून ये, मग विचार.” मी जाऊन आले. मग विचारलं नाही. पुढे त्यांच्या मुलानं त्यांना नेलंच, लोदला. तिथून पत्र यायचं मराठीत, त्यात बोंबील मिळत नाहीत ही तक्रार पहिली.

अभिमानासाठी तुला इंटरनेटवरून काही आणायची गरज नाही, घर भरलेलं आहे. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडणाची पोथी मराठी भाषांतरासह छापली, तिच्यातल्या चित्रात साड्या नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बिनखमिराच्या भाकऱ्या करताहेत. ते चित्र शोधून आजीला दाखव. ठाण्याचं तुमचं सिनेगॉग १८७९ चं. मुंबईतल्या डॉ. ई. मोझेस मार्गावरून जाताना तो मोझेस कोण ते सोबतच्यांना सांग: तुमच्यातलाच, १९३७ मध्ये मुंबईचा महापौर. आणि आजीकडून मलिद्याचं प्रमाण लिहून घे, पोहे किती, गूळ किती, नारळ किती. ‘अंदाजानं’ म्हणेल, ऐकू नकोस, वाटीनं मोजून घे.

यंदा नव्याच्या सणाला, तुमच्या नववर्षाला, गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध घालून तो हलवा कराल ना, तो डबाभर ऑफिसात ने. मैत्रिणीला दोन वड्या. टीम लीडलाही दे. लहान तुकडा.

तुझी,
ताई